गच्चीवरची मुंडकी

‘बारा खोल्यांचं घर’ ही मालिका बंद होणार, हे कळलं त्या संध्याकाळी गजेंद्र काळमेघ जेवले नाहीत. बायकोला, म्हणजे मंजुषाबाईंना, वाटलं वांग्याची भाजी बाधली. त्यांनी ओवा पुढे केला. साहेबांनी तो खाल्ला आणि म्हणाले, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे.

आता, मालिका बंद पडते तेव्हा माणूस दुसरी मालिका लावतो. पण काळमेघ साहेब भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. अर्धी हयात त्यांनी अमरावती जिल्ह्यातली शेतं मोजण्यात घालवली होती, आणि जे मोजून कागदावर आलं नाही ते अस्तित्वात नाही, असा त्यांचा स्वभाव झाला होता. मालिकेतलं घर उद्या पडद्यावरून जाणार म्हणजे कायमचं जाणार. तेव्हा त्यांनी ठरवलं की ते घर, त्याच्या बाराही खोल्या आणि आतली सगळी माणसं, एकास बारा या प्रमाणात, हुबेहूब तयार करायची. त्यात अकोल्याला मालिकेचा निरोप समारंभ होता. प्रेक्षकांनी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू तिथे मांडायच्या होत्या, आणि मालिकेतल्या दुष्ट भागीरथी आत्याचं काम करणाऱ्या बाई त्या पाहायला जातीने येणार होत्या. निवृत्तीनंतर एवढ्या दिवसांत साहेबांना कोणी भेटायला बोलावलं नव्हतं. तेही निमंत्रण चॅनेलने साऱ्या महाराष्ट्राला दिलं होतं, पण साहेबांनी ते स्वतःपुरतं घेतलं.

पहिली अडचण घरानेच केली. साहेबांनी मोबाइलवर भाग थांबवून थांबवून पडद्याला फूटपट्टी लावली आणि टिपणं काढली, तेव्हा असं लक्षात आलं की हे घर जगात कुठेही उभं राहू शकत नाही. स्वयंपाकघराच्या ज्या खिडकीतून सकाळी ऊन येतं, त्याच खिडकीतून संध्याकाळीही येतं. माजघरातून जिना वर जातो तो थेट माजघराच्या मागच्या खोलीत उतरतो. शिवाय दादासाहेब रागावले की ज्या दारातून बाहेर जातात, तिथे देवघराची भिंत आहे. असं प्रकरण नोकरीत समोर आलं असतं तर साहेबांनी शेरा मारून परत पाठवलं असतं. त्यातून बारावी खोली तर इतक्या वर्षांत एकदाही दाखवलेली नव्हती. त्यांनी चॅनेलच्या मदतक्रमांकावर फोन लावला. बरीच बटणं दाबून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली आणि सरांना मालिका नीट दिसत नाही का, असं विचारू लागली. साहेब म्हणाले, नीट दिसते हीच तक्रार आहे. त्यावर तिने त्यांना डिश एकदा बंद करून चालू करायला सांगितलं.

समारंभाचा अर्ज मोबाइलवरच भरायचा होता. त्यात वस्तूचा प्रकार निवडायचा होता आणि प्रकार तीनच होते: रांगोळी, पाककृती आणि नृत्य. बाहुल्या आणि घर यांना जागा नव्हती. साहेबांनी पुन्हा फोन केला, पुन्हा डिश बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळाला. नृत्य तर शक्य नव्हतं. रांगोळी जमिनीवर असते. उरली पाककृती. मंजुषाबाईंनी सुचवलं की बाहुल्यांसाठी भिंतीची पुट्टी मळायला माझीच परात आणि माझंच लाटणं घेता, तर पाककृतीच म्हणा. साहेबांनी तेच निवडलं, कारण नंतर माणसांशी बोलून दुरुस्ती करता येते यावर सरकारी माणसाचा विश्वास असतो.

घर उभं राहू लागलं तसं काळमेघांचं स्वतःचं घर कमी होऊ लागलं. फ्रिजच्या खोक्याच्या भिंती झाल्या. मंजुषाबाईंच्या काचेच्या बांगड्या अर्ध्या कापून कमानी झाल्या. बाहुल्यांच्या लुगड्यांसाठी एक इरकली साडी कापली गेली. ती जुनी होती असं साहेबांचं म्हणणं, आणि ती जुनी होती म्हणूनच ठेवली होती असं मंजुषाबाईंचं. जेवणाच्या टेबलावर घर असल्याने नवराबायको सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवत होते आणि समोर, एकास बारा प्रमाणात, रिकामं जेवणघर होतं.

माणसांची शरीरं मात्र अकोल्याहून यायची होती. तिथे वाहेदभाईंचं ट्रॉफ्यांचं दुकान होतं आणि हौस म्हणून ते हातपाय वळणाऱ्या बाहुल्या, ज्यांना अॅक्शन फिगर म्हणतात त्या, ऑर्डरप्रमाणे करून देत. त्यांची कीर्ती साहेबांना मोबाइलवरच्या एका गटात कळली होती. फोनवर ठरलं की वाहेदभाईंनी धडं करायची आणि साहेबांनी डोकी. साहेब अकोल्याला जाऊन खोकं उघडून बघतात तो काय, सगळी धडं एकाच साच्यातली. पोलादी छाती, फुगलेले दंड, पोटावर चौकटी. दादासाहेब तसे, घरजावई तसा, सून तशी, आणि भागीरथी आत्याही तशीच.

साहेबांनी अगदी शांतपणे विचारलं की विधवा आत्याला हे दंड कशाला. वाहेदभाईंना प्रश्नच कळला नाही.

“साहेब, अॅक्शन फिगर हाये ना ते? मंग बिना मसलची अॅक्शन कोठून येईन?” ते म्हणाले. “अन् आत्याबाईचा रोल केवढा पॉवरफुल हाये. माह्या घरी शाहीन रोज पाहते तिले. तिनंच सांगतलं, आत्याले जरा दमदार करजा.”

शाहीन म्हणजे त्यांची बायको. तीही मालिकेची चाहती निघाल्यामुळे साहेबांना फार बोलता येईना. चहा झाला, आत्या वाईट की परिस्थिती वाईट यावर चर्चा झाली, आणि साहेब ती बिनमुंडक्यांची तालीम खोक्यात घेऊन एसटीत बसले. मूर्तिजापूरच्या पुढे एका खड्ड्यात खोकं मांडीवरून निसटलं. शेजारच्या बाईंच्या पायाशी उघडीनागडी, डोकी नसलेली माणसं पसरली. बाईंनी पाय वर घेतले ते बडनेऱ्यापर्यंत खाली ठेवले नाहीत. कंडक्टरने विचारलं, हे काय आहे. साहेब म्हणाले, एकत्र कुटुंब आहे. खरं तेच बोलले होते, पण त्यानंतर बसमध्ये त्यांच्याकडे कोणी सरळ पाहिलं नाही.

डोकी करताना साहेबांना अवर्णनीय आनंद झाला. समोर मोबाइलवर नटनट्यांचे फोटो, हातात पुट्टी, चष्म्यावर आणखी एक चष्मा. नाक दाबायचं, गाल काढायचा, पुन्हा लावायचा. त्यांच्या मते चेहरे हुबेहूब उतरत होते. मंजुषाबाई जाता-येता बघत आणि काही बोलत नसत, याचा अर्थ त्यांनी कौतुक असा घेतला. वाळायला म्हणून त्यांनी प्रत्येक डोकं विणायच्या सुईवर खोचलं, सुया थर्माकोलमध्ये रोवल्या, आत्या सोडून बाकी बायकांच्या कपाळांना लाल रंग लावला आणि तो थर्माकोल गच्चीवर उन्हात नेऊन ठेवला. मे महिन्यातल्या अमरावतीच्या उन्हात काहीही वाळतं.

त्याच गच्चीवर आशाबाईंच्या कुरडया होत्या. आशाबाई आणि जानराव हे शेजारच्या फ्लॅटमधलं जोडपं. जानरावांचा वरूडकडे संत्र्यांचा बगीचा होता, तो आता मुलगा बघे. आशाबाई कुरडया उलटायला गेल्या आणि थोड्या वेळाने हातात थर्माकोल घेऊन काळमेघांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर साहेबांना जड गेलं नसतं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “हे माह्यं डोस्कं हाये.”

साहेबांनी बघितलं. सुईवर भागीरथी आत्या होती. निदान आतापर्यंत तरी होती. आता आशाबाई शेजारी उभ्या असताना बघितलं तर तीच हनुवटी, तेच जरा वर गेलेलं उजव्या भिवईचं टोक, आणि समोरचा माणूस खोटं बोलतो आहे हे माहीत असल्यासारखं तोंड.

“तीन दिवस झाले, माही मान वळून नाई राहिली,” आशाबाई म्हणाल्या. “मी शेक घेऊन राहिली, मालिश करून राहिली. अन् तुमी तिकडे माह्या मानेत सुई खुपसून ठेवली. काहून भाऊ? मी काय केलं तुमचं?”

साहेबांनी मालिका सांगितली, समारंभ सांगितला, पुट्टी वाळण्याचं शास्त्र सांगितलं. यातलं काहीही सुई मानेत का आहे याचं उत्तर होत नव्हतं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी धर्मेंद्र मोहोड आले. जिन्यात काहीही घडलं की धर्मेंद्र येतात. त्यांच्या नोटिसा लिफ्टमध्ये लागतात आणि लिफ्ट बंद असली की लिफ्टवर लागतात. त्यांनी थर्माकोल हातात घेतला, पाहणी सुरू केली आणि दुसऱ्या रांगेत त्यांना स्वतःची मिशी दिसली.

ते डोकं घरजावयाचं होतं. मालिकेतला घरजावई म्हणजे सासऱ्याच्या जिवावर जगणारा, आरशात बघत बसणारा, आयतोबा. आणि धर्मेंद्र ज्या फ्लॅटमध्ये राहत तो त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर होता, ही गोष्ट सोसायटीत सगळ्यांना माहीत होती आणि कोणीच बोलत नव्हतं. काळमेघ साहेबांनी ती आता पुट्टीत बोलून दाखवली होती.

संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये नोटीस लागली: सार्वजनिक गच्चीवर मानवी अवयव, तत्सदृश आकृत्या व संशयास्पद वस्तू वाळत घालण्यास मनाई आहे. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र जादूटोण्याची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या जमादारबाईंनी आधी पुरावा मागितला. धर्मेंद्रांनी खिशातून स्वतःचं मुंडकं काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते बघितलं, धर्मेंद्रांना बघितलं आणि छान जमलंय म्हणाल्या. मोबाइलच्या कव्हरला लावायला मिळेल का, असंही विचारलं. धर्मेंद्र परत आले ते जास्तच दुखावून.

पण सोसायटी ठाण्यासारखी मोकळ्या मनाची नव्हती. कोणाची कंबर धरली होती, कोणाची पाण्याची मोटर जळली होती, एकाच्या मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटलं होतं. जो तो थर्माकोलवर आपलं डोकं शोधू लागला. मंजुषाबाईंच्या हातचं विरजण न्यायला रोज येणारी बाई यायची थांबली. साहेब जिन्यातून उतरले की दारं हलकेच लागत. सगळ्यांत वाईट म्हणजे, रोज रात्री मालिका बघायला त्यांच्याकडे येणारे जानराव आले नाहीत. तो भाग साहेबांनी एकट्याने बघितला. दादासाहेब पुन्हा देवघराच्या भिंतीतून बाहेर गेले, आणि ‘पाहा, पाहा’ म्हणायला शेजारी कोणी नव्हतं.

शेवटी मंजुषाबाईंनीच सभा बोलावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सगळ्यांनी आमच्याकडे या, मालिका बघा, बाहुल्या बघा आणि ठरवा. लोक आले. जेवणाच्या टेबलावर घर असल्याने अर्ध्या खुर्च्या ओट्यापर्यंत गेल्या. आशाबाई मानेला पट्टा लावून आल्या. जानराव त्यांच्यामागे, साहेबांकडे न बघता बसले. साहेबांनी भाग लावला, भागीरथी आत्या पडद्यावर आली तिथे थांबवला आणि डोकं पडद्याशेजारी धरलं.

लोकांनी पडद्याकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं, आशाबाईंकडे पाहिलं. पडद्यावरच्या आत्याचं तोंड लांबट, नाक चाफेकळी. हातातलं डोकं गोल. वाद करायला जागाच नव्हती. घरजावयाचा नट तर बिनमिशीचा निघाला. साहेबांनाही ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

धर्मेंद्र उभे राहिले. ते म्हणाले, आता दोनच शक्यता आहेत. एक तर साहेबांनी हे जाणूनबुजून केलं आहे. साहेब मोजणीतला माणूस, इंचभर इकडचं तिकडे करणार नाहीत, हे सगळा जिल्हा जाणतो. किंवा मग त्यांना ही कला अजिबात येत नाही. जे असेल ते त्यांनी सांगावं.

साहेबांनी नोकरीत धमक्या सहन केल्या होत्या. बांधावर अंगावर कुत्री सोडलेली पाहिली होती. पण इतका अवघड प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. कारण करणी कबूल केली असती तर निदान हातात काही कसब आहे असं तरी ठरलं असतं. त्यांनी ते घर बघितलं. कमानी अचूक होत्या, प्रत्येक खोली एकास बाराला बरोबर होती. मग हातातलं डोकं बघितलं.

“मले चेहरा जमत नाई,” साहेब म्हणाले. एरवी ते सभेत प्रमाण मराठीत बोलत. “फोटो समोर ठेवतो, करायले बसतो, अन् हात भलतंच करते. तुमीच रोज डोळ्यासमोर असता. तेच उतरते. मी काई मुद्दाम नाई केलं.”

जानरावांनी घसा साफ केला आणि पत्नीला मानेचा पट्टा काढून बघायला सांगितलं. आशाबाईंनी काढला. मान वळली. ती सकाळपासूनच वळत होती, असं त्या नंतर म्हणाल्या, पण पट्टा लावून यायचं आधीच ठरलेलं होतं.

यापुढे प्रकरण मिटायला हवं होतं. ते मिटलं असतं तर साहेब सुखी झाले असते. पण करणी नाही हे ठरल्याबरोबर आशाबाई पुढे झाल्या आणि आपलं धड बघायला मागितलं. वाहेदभाईंचे दंड बघून त्यांनी दोन दिवस धरणं धरलं: मी अशी पैलवान दिसते का, खांदे कमी करा, आणि हा रंग मी जन्मात नेसले नाही, लुगडं बदला. साहेबांनी परोपरीने सांगितलं की ही तुम्ही नाही, भागीरथी आत्या आहे, ती वाईट बाई आहे. आशाबाई म्हणाल्या, वाईट असो, पण लुगडं मोरपंखी पाहिजे. मंजुषाबाईंच्या कपाटातून आणखी एक साडी गेली. धर्मेंद्रांनी लेखी कळवलं की बाहुलीच्या हातातला आरसा काढून फाइल द्यावी. कंबर धरलेले गृहस्थ आपलं डोकं नाही म्हणून नाराज झाले. आणि जानराव, ज्यांनी आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, ते जिन्यात साहेबांना गाठून हळू आवाजात बोलले.

“आशा हाये. धर्मेंद्र हाये. मीच काहून नाई?” ते म्हणाले. “त्या एवढ्या मोठ्या घरात बायको एकटी राह्यते माही, बरं दिसते का ते?”

साहेबांना ते पटलं. मोठ्या प्रेमाने ते जानरावांना समोर बसवून डोकं करायला लागले. या वेळी फोटो नव्हता, खरा माणूस होता. दोन दिवस जानराव संत्री सोलत स्टुलावर बसले. डोकं झालं, बघितलं, आणि ते मालिकेतल्या दादासाहेबांशी इतकं तंतोतंत जुळत होतं की चॅनेलनेही ठेवून घेतलं असतं. जानरावांचा त्यात कानही नव्हता. जानरावांनी ते चहूबाजूंनी फिरवून बघितलं आणि म्हणाले, जाऊ द्या, मोठा माणूस आहे तो.

अकोल्याला न्यायला जानरावांनीच मुलाचा संत्र्यांचा छोटा टेम्पो मागवला. साहेबांचा बेत होता की टेम्पोत घर आणि ते दोघं. प्रत्यक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी आशाबाई बसल्या, कारण आपली बाहुली वाटेत कोणी बदलेल अशी त्यांना शंका होती. मागे धर्मेंद्र सोसायटीचे प्रतिनिधी म्हणून आले, मंजुषाबाई पोळ्यांचा डबा घेऊन आल्या, आणि सगळे घराभोवती गोल करून, भिंती धरून बसले. बडनेऱ्यापर्यंत ठीक होतं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. पहिल्या धक्क्याला जिना गेला, म्हणजे तो एरवीही कुठे जात नव्हता, पण आता दिसायलाही राहिला नाही. दुसऱ्या धक्क्याला डोकी सुटली आणि संत्र्याच्या पाल्यात मिसळली. धर्मेंद्र गुडघ्यावर रांगून ती शोधत होते आणि सापडेल ते समोर दिसेल त्या धडावर चिकटवत होते. अकोल्यात उतरून साहेबांनी बघितलं तेव्हा दादासाहेबांनी मोरपंखी लुगडं नेसलं होतं आणि आशाबाई धोतरात, हातात फाइल घेऊन उभ्या होत्या. ते निस्तरताना कमानींच्या आणखी दोन बांगड्या फुटल्या.

सभागृहात त्यांची जागा पाककृती विभागात होती. एका बाजूला वांग्याचं भरीत, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या कुरडयांचा किल्ला. साहेबांनी तिथल्या माणसाशी बोलून दुरुस्ती करायचा प्रयत्न केला. तो माणूस म्हणाला, काका, यादी मुंबईहून आली आहे. परीक्षक म्हणून दोन बायका चमचे घेऊन आल्या. गोड की तिखट, असं त्यांनी विचारलं. साहेब उत्तर शोधत असतानाच एकीने बारावी खोली, जी साहेबांनी पूर्णपणे अंदाजाने पण मन लावून केली होती, तिचा कोपरा चमच्याने उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावल्यावर ती म्हणाली, थोडं कच्चं राहिलंय. दुसरीने ते लिहून घेतलं.

साहेब खुर्चीवर बसले. मंजुषाबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. ती घेऊन ते नुसतेच धरून बसले.

मग भागीरथी आत्याचं काम करणाऱ्या बाई आल्या. कॅमेरे, गर्दी, फुलं. त्या भरीत ओलांडून घरापाशी थांबल्या आणि खाली वाकून एकेक खोली बघू लागल्या. साहेब उठून उभे राहिले. इतके दिवस मनात घोकलेलं वाक्य त्यांच्या ओठावर होतं. बाईंनी विचारलं, यात मी कुठे आहे? साहेबांनी मोरपंखी लुगड्यातली बाहुली दाखवली.

बाईंनी बाहुली बघितली. मग मान वर केली. साहेबांच्या खांद्यामागे आशाबाई उभ्या होत्या, बाहुलीसारखंच मोरपंखी लुगडं नेसून.

“अगं बाई,” बाई म्हणाल्या, “तुम्ही स्वतःलाच केलंत? किती सुंदर.”

आणि त्यांनी आशाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. आशाबाईंनी चूक सुधारली नाही. सुधारायची संधी होती, साहेबांनी ती डोळ्यांनी दिलीही होती. बाईंनी फोटो काढायचा म्हटलं. एका बाजूला नटी, मध्ये बाहुली, दुसऱ्या बाजूला आशाबाई, मागे जानराव आणि धर्मेंद्र. फोटो काढायला कोणी रिकामं दिसेना, म्हणून मोबाइल साहेबांच्या हातात आला. त्यांनी तो काढला. सगळे चौकटीत बरोबर आले होते. मोजमापात साहेब कधी चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तो फोटो होता. खाली लिहिलं होतं, अमरावतीच्या आशाबाई यांच्या पाककृतीला उत्तेजनार्थ पारितोषिक. जानराव तो अंक घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरले आणि शेवटी काळमेघांकडेही दाखवायला आले. साहेबांनी तो बघितला आणि छान आला आहे म्हणाले. जानराव मग घुटमळले, रात्री मालिकेचा शेवटचा भाग आहे, येऊ का म्हणाले. साहेब म्हणाले, विचारता काय.

दुपारी घर पुन्हा जेवणाच्या टेबलावर आलं होतं. जिना नाही, बारावी खोली खाल्लेली, कमानी फुटक्या. साहेबांनी ते मोडून भंगारात टाकायचं ठरवलं आणि तसं बोलूनही दाखवलं. मंजुषाबाई एका जुन्या ब्रशने त्याच्या खोल्यांतली धूळ झाडत होत्या, आपल्याच घरात झाडू मारत असल्यासारख्या. स्वयंपाकघरापाशी त्या थांबल्या. चुलीपुढे एक बाई बसली होती, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. त्यांनी पदर वर केला. आत चेहराच नव्हता, नुसती गुळगुळीत पुट्टी.

“अजी, हे कोन?”

साहेब म्हणाले, ती सून. बऱ्याचदा केली, जमली नाही. कोणासारखीच होत नव्हती, म्हणून पदर ओढून दिला.

मंजुषाबाईंनी पदर पुन्हा खाली केला, नीट.

“आशाबाईची हनुवटी आली तुमच्या हातातून. धर्मेंद्रची मिशी आली,” त्या म्हणाल्या. “माह्या दोन साड्या गेल्या त्या घरात, सगळ्या बांगड्या गेल्या. मीच तेवढी नाई आली.”

त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच साहेबांना फार लागलं. त्यांनी उत्तर शोधलं. आशाबाई रोज दारात समोरून दिसत, धर्मेंद्र जिन्यात समोरून येत. मंजुषाबाई दिसायच्या त्या ओट्यापाशी, पाठीमागून. किंवा सोफ्यावर शेजारी, मालिका चालू असताना, एका बाजूने. हे उत्तर खरं होतं, पण ते काही सांगण्यासारखं नव्हतं.

ते उठले, पुट्टीचा डबा उघडला आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली. म्हणाले, बस इथं. मंजुषाबाई म्हणाल्या, वरण लावायचं आहे. साहेब म्हणाले, राहू दे वरण. त्या बसल्या, अवघडून, हातात ब्रश तसाच. साहेबांनी एक चष्मा लावला, त्यावर दुसरा लावला आणि समोरून बघू लागले. बराच वेळ पुट्टीला हात लावला नाही.

“हे डोळ्याच्या खाली तीळ हाये तुले,” ते म्हणाले. “कधीपासून?”

“लग्नाच्या आधीपासून,” मंजुषाबाई म्हणाल्या. “लय मोठा करू नोका त्याले.”